उचिकोमी ट्यूबवर की जोडीवर?

गावात ज्युदो शिकवायला घेतलं की महिन्याभरात हा प्रश्न येतोच. उचिकोमी म्हणजे फेकीच्या डावात पुन्हा पुन्हा आत शिरायचा सराव. मी चार हंगाम सायकलच्या ट्यूबवर काढले, आता जोडीवर आलोय. तुमच्याकडचं गणित वेगळं असू शकतं.

ट्यूब पंक्चरवाल्याकडे जुनी मिळते, कडुलिंबाला बांधली की झालं. कापूस वेचणी लागली की अर्धे पोट्टे गायब, "सर, उद्या वावरात जा लागते." उरलेल्या तिघांत एक २८ किलोचा, एक ५५ चा, जोड लावणार कशी? ट्यूबला कोणाची वाट पाहावी लागत नाही. दमसासही झकास वाढतो. २० सेकंद जोरात, १० सेकंद दम, असे आठ फेरे झाले की मे महिन्यात पहाटे साडेपाचलाही बनियन पिळून घ्यावी लागते.

मला नडलं ते वेगळंच. ट्यूब आधी ढिली असते आणि ताणाल तशी जड होत जाते. माणसाचं उलट आहे. पाय रोवून उभा असतो तोवर जड, तोल गेला की हलका. म्हणजे कुझुशीला, समोरच्याचा तोल घालवायला, जिथं खरी ओढ लागते, नेमकी तिथंच ट्यूब काही मागत नाही. सातवीतली एक मुलगी ट्यूबवर न थांबता शंभर सेओई-नागे (वळून पाठीवरून फेकायचा डाव) घ्यायची. जिल्ह्याच्या स्पर्धेत झर्रकन आत वळली, पाठ दिली, पण समोरची जागची हलली नाही. तिनं हिला तशीच मागे बसवली. इप्पोन, म्हणजे पूर्ण गुण, कुस्ती तिथंच संपली. बाहेर आल्यावर म्हणते, "सर, ते लई जड होती." वजनगट एकच होता दोघींचा! धोबीपछाड मारणारा कोणताही पैलवान हेच सांगेल, आधी हालव, मग पाठीवर घे.

जोडीचा ताप कमी नाही. उके, म्हणजे ज्याच्यावर डाव करायचा तो जोडीदार, कधी खांबासारखा उभा राहतो, कधी मैत्रीखातर स्वतःच उडी मारतो. दोघांवर नजर ठेवावी लागते, उकेमी, म्हणजे न लागता पडायची पद्धत, पक्की नसेल तर फेकू देता येत नाही. मी नऊ वेळा नुसतं आत शिरायला लावतो, दहाव्याला फेक. उकेची टाच उचलली गेली नाही तर ती खेप मोजायची नाही. आकडा कमी भरतो, पोरं कुरकुरतात.

तुमच्याकडे दोनच मुलं असतील, तीही विजोड, तर ट्यूब घ्या. फक्त दोन पावलं मागे सरकून आधीच ताणलेली ठेवा, म्हणजे पहिली ओढ फुकट जाणार नाही. माझ्या कडुलिंबाला ती अजून आहे, वेचणीच्या दिवसांत कामी येते.