सुपर मीटिओर का शॉटगन? इंजिन एकच, पण पाय कुठं ठेवणार ते आधी ठरवा

दोन वर्षं झाली, कोल्हापुरात रंकाळ्यावर मोटरसायकल लावून भेळ खायला उभा राहिलो की कोण ना कोण येऊन विचारतंयच, "दादा, एनफिल्डची ६५० घ्यायची हाय, ही सुपर मीटिओर घेऊ का ती शॉटगन?" आणि मी दर वेळी भेळ हातात धरून तेच पुराण सांगतोय, चुरमुरे मऊ पडेपर्यंत. म्हटलं एकदा लिहूनच टाकू.

आधी सांगतो, माझ्याकडं रॉयल एनफिल्डची सुपर मीटिओर ६५० आहे, सेलेस्टियल, म्हणजे पुढं मोठी काच आणि मागच्याला टेकायला पाठ असलेली टूरिंगवाली. २०२३ च्या पाडव्याला घेतली. माझ्या दोस्ताकडं शॉटगन ६५० आहे, त्यानं पुढच्या वर्षी घेतली. गेल्या हिवाळ्यात आम्ही दोघांनी आठ दिवस गाड्या बदलून घेतल्या, नंतर परत आठ दिवस. त्यामुळं हे शोरूमच्या दारात एक राऊंड मारून लिहिलेलं नाही.

गाडी घरी आणली तेव्हा आई आरतीचं ताट घेऊन बाहेर आली, गाडीभोवती एक फेरी मारली आणि म्हणाली, "अरं, ही म्हस बांधणार कुठं?" चेष्टा सोडा, पण प्रश्न बरोबर होता. मीटिओर २४१ किलो, शॉटगन २४०. आमच्या पेठेतल्या बोळात गाडी वळवायची म्हणजे तीन वेळा पुढं-मागं, आणि बोळाला उतार असेल आणि तुम्ही उताराकडं तोंड करून लावली असेल तर मागं ओढताना तालमीतल्या पोरांना हाक मारावी लागते. रिव्हर्स गिअर नाही या गाडीला. आता मी सवयीनं लावतानाच तोंड चढाकडं करून लावतो. नवीन घेणाऱ्यानं हे पहिल्याच दिवशी शिकावं, मी तिसऱ्या दिवशी शिकलो, शेजारच्या काकांच्या स्कूटीवर रेलून.

आता मुद्द्याचं. दोन्हीचं इंजिन एकच आहे, ६४८ सीसी, दोन सिलिंडर, ४७ पीएस आणि ५२.३ एनएम टॉर्क, सहा गिअर. २०१८ ला इंटरसेप्टर आणि कॉन्टिनेंटल जीटीमध्ये जे आलं तेच. चासी पण मुळात मीटिओरचीच, तीच शॉटगनला थोडी बदलून घेतलेली. म्हणून बरेच जण म्हणतात की नुसती टाकी आणि सीट बदलून दुसरी गाडी म्हणून विकतात. मी पण असंच म्हणायचो. शॉटगनवर बसून गगनबावड्याला जाऊन आलो आणि गप्प बसलो.

फरक सगळा पायात आहे. मीटिओरला फूटरेस्ट पुढं आहेत, पाय लांब सोडून आरामखुर्चीत बसल्यागत बसायचं. सीटची उंची ७४० मिलिमीटर, म्हणजे पाच फूट तीन इंचाचा माणूस पण दोन्ही पाय टेकवून निवांत उभा राहतो. शोरूममध्ये बसलात की दोन मिनिटांत प्रेमात पडता. शॉटगनला फूटरेस्ट मधोमध, जवळपास बुडाखाली, सीट ७९५, हँडल सपाट आणि जरा पुढं. शोरूममध्ये बसल्यावर वाटतं ही आडमुठी आहे. पण खड्डा आला की खेळ उलटा होतो. मीटिओरवर पाय पुढं असल्यानं तुम्ही सीटवरनं उठूच शकत नाही, सगळं वजन माकडहाडावर, आणि मागच्या सस्पेन्शनला १०१ मिलिमीटरचाच खेळ, मग दणका सरळ मणक्यात. शॉटगनला मागं त्याहून कमी, ९० मिलिमीटरच, कागदावर वाचलं तर वाटेल ही जास्त आपटणार. आपटतेच. पण पाय खाली असल्यामुळं खड्डा दिसला की गुडघ्यात वाकून अर्धा इंच बूड उचलायचं, बास, दणका मांड्या खातात. तालमीत शिकवतात ना वस्ताद, गुडघे सैल ठेव म्हणून, तेच.

हे मला कळलं ते कळे गावाच्या पुढं. गाळपाचा हंगाम, रस्त्यावर उसाच्या डबल ट्रॉल्या, ट्रॅक्टरवर गाणी इतक्या मोठ्यानं की मागनं हॉर्न दिला तर देवाला ऐकू जाईल पण ड्रायव्हरला नाही. ओव्हरटेकला बाहेर काढलं, समोर अचानक रस्त्यावर पडलेल्या उसाचा चुथडा आणि त्याच्याखाली खड्डा. मीटिओर असती तर मी डोळे मिटून दात आवळले असते, इथं आपोआप उभा राहिलो, गाडी खालनं निघून गेली. दोस्त माझ्या मीटिओरवर मागनं येत होता. पुढच्या टपरीला थांबलो तर तो हेल्मेट काढायच्या आधी कंबर धरून म्हणाला, "भावा, तुझ्या गाडीला सीट हाय का पाट हाय?" मी म्हटलं पाटावर बसलास तर जेवायला पण मिळतं, सरळ हायवेला चल, मग बोल.

आणि खरंच, हायवेला माझी गाडी म्हणजे नाद खुळा. तावडे हॉटेलच्या चौकातनं हायवेला लागलं आणि पुण्याच्या बाजूला जिथं जिथं सहापदरीचं काम संपलंय तिथं ९०-१०० ला लावून सोडली की हलत नाही. चाकांमधलं अंतर १५०० मिलिमीटर, शॉटगनचं १४६५, ३५ मिलिमीटर म्हणजे काय फार नाही असं वाटतं, पण ट्रकच्या शेजारनं जाताना जो वारा अंगावर येतो त्यात मीटिओर रुळावर असल्यागत जाते. वर सेलेस्टियलची काच. छातीवर वारा नाही, पुण्यात उतरल्यावर खांदे दुखत नाहीत. शॉटगनवर त्याच वेगाला वारा सगळा बरगड्यांवर, कराड येईपर्यंत मान आखडली होती माझी. दोस्ताला त्याचं काही वाटत नाही, तो माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी लहान आहे, हे पण लिहिलं पाहिजे.

टाकीचा फरक पण लांबच्या प्रवासात कळतो. मीटिओरची १५.७ लिटर, शॉटगनची १३.८. मला हायवेला पंचवीसच्या आसपास अॅव्हरेज मिळतं, गावात वीस-बावीस, दोन्ही गाड्यांना जवळपास सारखंच, इंजिन तेच म्हटल्यावर. म्हणजे मीटिओर चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर जास्त जाते. ज्यांना अॅव्हरेज विचारायचंय त्यांनी ही गाडी घेऊच नये असं आमच्या कट्ट्यावर म्हणतात. मला ते पटत नाही, पेट्रोल काय फुकट मिळतं का?

पन्हाळ्याला मात्र शॉटगनच. वाघबीळच्या वरची वळणं मीटिओरवर घेताना जरा जास्त झुकवली की फूटरेस्ट डांबराला घासून कर्र्र आवाज येतो, पहिल्यांदा झालं तेव्हा काळजात धस्स झालं. शॉटगन त्याच वळणात अजून झुकते, हँडल लगेच ऐकते. पुढचं चाक मीटिओरला १९ इंची, शॉटगनला १८, मागं १६ आणि १७. त्यामुळं की बसण्यामुळं की दोन्हीमुळं माहीत नाही, पण वजन एका किलोनं कमी असून दहा किलोनं हलकी वाटते. महाद्वार रोडला शनिवार संध्याकाळी दोन्ही नेल्या (चूक केली), तिथं पण शॉटगनच बरी, बायामाणसांच्या पिशव्यांतनं आणि हातगाड्यांतनं वाट काढता येते. उन्हाळ्यात सिग्नलला थांबलं की मांड्या दोन्हीवर भाजतात, त्यात डावं-उजवं नाही.

आवाजावरनं आमच्याकडं फार वाद होतात. जुन्या बुलेटचं धकधक ऐकून वाढलेली माणसं या गाडीजवळ येतात आणि तोंड वाकडं करतात. या इंजिनाचा क्रँक, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतात तो दांडा, २७० अंशाचा आहे, म्हणजे दोन सिलिंडरचे ठोके एकसारख्या अंतरानं पडत नाहीत, एक लवकर एक उशिरा, त्यामुळं आवाजाला एक लय येते पण ती खालच्या पट्टीत, घुमल्यागत. शॉटगन मला कानाला जरा कडक वाटली. दिवाळीच्या पाडव्याला आपल्याकडं म्हशी सजवून गाडीमागं पळवतात बघा, मालकाच्या गाडीचा आवाज ओळखून म्हस मागं येते, तर गंगावेशीत आमचे एक दूधवाले मामा आहेत त्यांनी माझी गाडी चालू करायला लावली, कान देऊन ऐकली आणि म्हणाले, "ह्येच्या मागं म्हस काय, रेडकू पण येणार न्हाई." विषय संपला. ज्याला आवाजच पाहिजे त्यानं ३५० घ्यावी, स्वस्तात पडेल.

स्वस्तावरनं आठवलं. मीटिओर जानेवारी २०२३ ला आली तेव्हा एक्स-शोरूम ३ लाख ४९ हजारापासनं होती, सेलेस्टियल ३ लाख ७९ हजार. शॉटगन जानेवारी २०२४ ला ३ लाख ५९ हजारापासनं. आता ते आकडे विसरा. २२ सप्टेंबर २०२५ पासनं ३५० सीसीच्या वरच्या गाड्यांना ४० टक्के जीएसटी लागला, आधी सेस धरून ३१ होता, आणि ३५० पर्यंतच्यांना उलट २८ चा १८ झाला. म्हणजे धाकट्या भावाला सूट आणि थोरल्याला दंड. त्यामुळं आजचा ऑन-रोड आकडा शोरूममधनं कागदावर लिहून घ्या, इन्शुरन्स आणि अॅक्सेसरीज वेगळ्या काढून.

अॅक्सेसरीजचं एक सांगतो. मी लेग गार्ड बाहेरनं बसवला, गावातल्याच एका दुकानात, नाव घेत नाही. पंधरा दिवसांत बारीक किणकिण सुरू झाली, साठच्या पुढं गेलं की बंद, खाली आलं की परत. चार दिवस मी इंजिनला कान लावून बसलो, झोप नाही. शेवटी उद्यमनगरातल्या एका मिस्त्रीकडं नेली. त्याचं मुख्य काम लेथचं, गाड्या ओळखीवर बघतो. त्यानं स्क्रू ड्रायव्हरचं टोक केसिंगला आणि मूठ स्वतःच्या कानाला लावली, डोळे मिटले, मग दुसरीकडं, मग तिसरीकडं, आणि लेग गार्डच्या बोल्टवर बोट ठेवून म्हणाला, "इंजिन तुझं देवमाणूस हाय, हा बोल्ट लबाड हाय." वॉशरच नव्हता खाली. ड्रॉवरमधनं एक काढला, घातला, आवळला, आणि पैसे विचारले तर म्हणाला चहा सांग. त्याच फेरीत त्यानं मागच्या दोन्ही शॉकअपचा प्रीलोड, म्हणजे स्प्रिंगचा ताण, पान्यानं एक घर कमी केला, मी बहुतेक वेळा एकटाच असतो म्हणून, आणि पाटाची पाटली झाली म्हणा, गादी नाही झाली.

आता मागं बसणाऱ्याचं, आणि इथंच माझा निकाल लागतो. आजरा-आंबोली मार्गे गोव्याला बायकोला घेऊन मीटिओरवर गेलो. मागं पाठ टेकायला असल्यामुळं ती आंबोलीपर्यंत एकदाही "अवो, थांबा जरा" म्हणाली नाही, सावंतवाडीच्या अलीकडं तर चक्क पेंगली, तिचं हेल्मेट माझ्या हेल्मेटवर टक्कन आपटलं तेव्हा कळलं. शॉटगनची मागची सीट मुळात काढता-घालता येणारी आहे, एकट्याची गाडी म्हणून मिरवायची, लागली तर मागं एक गादी चिकटवायची, अशी. दिसायला सीट काढलेलीच भारी दिसते, ती हवेत तरंगणारी एकटी सीट बघून आमच्या पुतण्यानं तर फोटो काढून वॉलपेपर लावला. बायकोला त्यावर बसवून जोतिबाला नेलं, केर्लीच्या आधीच पाठीत बुक्की बसली. "ही गाडी त्यांची हाय ना? मग त्यांनाच द्या." परत येताना ती दोस्ताच्या मागं, म्हणजे माझ्याच गाडीवर, पाठ टेकून आली.

तेव्हा एकटे फिरत असाल, गावात रोज काढणार असाल, घाटात मजा पाहिजे असेल तर शॉटगन, डोळे झाकून. मागं माणूस ठरलेलं असेल आणि वर्षातनं चार वेळा तीनशे-चारशे किलोमीटर जायचं असेल तर मीटिओर, आणि ती पण सेलेस्टियलच. उंची कमी असेल तर आधी शॉटगनवर बसून एक पाय टेकवून चढावर उभं राहून बघा. कंबरदुखी आधीच असेल तर दोन्ही सोडा.

परवा दोस्ताचा फोन आला. लग्न ठरलंय. मला वाटलं तारीख सांगणार, तर विचारतोय, "तुझ्या गाडीची मागची पाठ माझ्या गाडीला बसंल का रं?" म्हटलं मिस्त्रीला विचारू, पण त्याच्या आधी वहिनींना त्या सीटवर रंकाळ्याला एक राऊंड मार, नाहीतर मिस्त्रीऐवजी भटजीलाच परत विचारायची वेळ येईल.