सुतळी, कवड्या आणि रूपकाची कार्डं: पापावरचा पटखेळ नऊ महिने वापरून

चर्चच्या तरुण संघात पापाचा विषय काढला की पहिल्या पाच मिनिटांत येणारी सगळी उत्तरं बरोबर असतात. हेवा वाईट, खोटं बोलू नये, मोबाइल कमी वापरावा. शब्बाथ शाळेत, म्हणजे चर्चमधल्या बायबलच्या वर्गात, वाढलेल्या मुलांना ही उत्तरं पाठच असतात. पण त्या उत्तरांत ती मुलं स्वतः कुठेच नसतात. या पटखेळाचा उपयोग नेमका इथे होतो. नागपुरात नऊ महिने, पंधरवड्याला एक डाव, 12 ते 18 वयाची मुलं, एका पटाला पाच जण, एवढ्या वापरानंतर काय टिकलं आणि काय बदलावं लागलं ते सविस्तर लिहितो आहोत. पट विकत मिळत नाही, घरीच बनवायचा आहे.

कल्पना जुनीच आहे. सापशिडीचं मूळ असलेला मोक्षपट आपल्याकडे परंपरेने ज्ञानेश्वरांशी जोडला जातो, आणि जुन्या पटांवर 72 किंवा 84 घरं दिसतात. रूपकाचंही तसंच. इंग्रज लेखक जॉन बन्यनचं 1678 चं 'पिलग्रिम्स प्रोग्रेस' हे यात्रेचं पुस्तक हरी केशवजींनी 1841 मध्ये 'यात्रिकक्रमण' म्हणून मराठीत आणलं, म्हणजे मराठी ख्रिस्ती वाचकाला रूपक परकं नाही. अमेरिकेत सेलमला 1843 मध्ये छापलेल्या 'मॅन्शन ऑफ हॅपिनेस' या पटात सद्गुणाच्या घरावर पुढे आणि दुर्गुणाच्या घरावर मागे जायचं असे. फासा जुगाराचा म्हणून त्यात भिंगरी वापरत. आमच्या पहिल्या पटाची चूक तिथलीच होती. चांगलं घर आलं की वर, वाईट आलं की खाली. असा पट दोन गोष्टी शिकवतो आणि दोन्ही चुकीच्या आहेत: पाप नशिबाने घडतं, आणि तारण कमावता येतं. तो पट तीन डावांत बाजूला ठेवला.

आताचा पट 40 घरांचा, 8 बाय 5. घर 9 सेंटिमीटरचं, कडेने 4 सेंटिमीटर मोकळी जागा, म्हणजे कापड 80 बाय 53. आधी जुन्या पटासारखी 72 घरं ठेवली होती. सहा कवड्यांचं सरासरी दान 3 पडतं, म्हणजे एका खेळाडूला 24 फेका आणि पाच जणांच्या मिळून 120. त्यात कार्डांवरचं बोलणं धरलं की दीड तास उलटतो आणि शेवटची अर्धी मुलं दाराकडे बघू लागतात. 40 घरांत पन्नास मिनिटांत डाव होतो.

फ्लेक्स करू नका. छापून लगेच मिळतं हे खरं, पण गुंडाळून ठेवलं की एप्रिल-मेच्या उन्हाळ्यात त्याच्या कडा अशा वळतात की चारी कोपऱ्यांवर पुस्तकं ठेवूनही मधली घरं फुगलेली राहतात. जाड मांजरपाट, आधी एकदा धुऊन आटवलेलं, त्यावर कापडाचे रंग, आणि रंग वाळल्यावर उलट्या बाजूने इस्त्री. न धुता रंगवलं तर पहिल्याच धुण्यात चौकोन तिरके होतात.

मोहरे म्हणजे शिंप्याकडची रिकामी रिळं. हलकी असल्यामुळे ती पडतात, म्हणून बुडाच्या भोकात शाडू दाबून भरावी. रीळच का, ते पुढे कळेल.

दानासाठी सहा कवड्या. जितक्या उताण्या, तितकी घरं. कवडी दोन्ही बाजूंनी सारखीच पडते असं धरलं तर 64 शक्यतांपैकी 50 मध्ये 2, 3 किंवा 4 पडतात. फाशावर हे प्रमाण अर्धंच असतं. पट आखताना याचा फायदा घ्या. ज्या घरावर मुलं थांबावीत असं वाटतं, ते आधीच्या थांब्यापासून तिसरं ठेवा.

आता खेळाचा गाभा. पटावर साप नाहीत. आधी होते, पण शेजारची मुलंही खेळायला येतात, त्यांच्या घरी नागपंचमीला नाग पुजला जातो आणि पापाची चर्चा भलत्याच वादात अडकते. सापाऐवजी आठ पिवळी घरं आहेत. पिवळ्या घरावर आलेल्याला आडवाट मिळते: हवं तर लगेच 5 घरं पुढे. किंमत एवढीच की रिळाच्या कमरेला सुतळीचा एक वेढा. त्या क्षणी काहीच बिघडत नाही. उलट तो पुढेच जातो. तिसरा वेढा पडला की 15 घरं मागे. बायबलमध्ये याकोब 1:14-15 इथे वासनेपासून मृत्यूपर्यंतची जी साखळी आहे, ती इथे हातात घेऊन बघता येते. पाप आधी देतं, मग मागतं.

वेढ्यासाठी सुरुवातीला काळा दोरा घेतला होता. तो दृष्टीचा दोरा म्हणून ओळखीचा असल्याने मुलं तो मनगटाला बांधून घरी नेऊ लागली आणि दोन घरांतून रास्त तक्रार आली. तेव्हापासून साधी तपकिरी सुतळी, 15 सेंटिमीटरचे तुकडे, एका पटाला पंधरा.

सुतळी सोडवायचा नियम सगळ्यात जास्त वेळा बदलला. पटाच्या मध्यभागी क्रूसाचं घर आहे. आपल्या पाळीला कोणीही "सोडतो" म्हणून सगळी सुतळी तिथे ठेवू शकतो. पहिल्या नियमात त्यासाठी एक पाळी गमवावी लागे. कोणीच सोडत नसे. मग किंमत काढून टाकली. 1 योहान 1:9 मध्ये कबुलीला दंड जोडलेला नाही, मग पटावर का असावा? तरीही बहुतेक मुलं दोन वेढे घेऊन तशीच पुढे जातात, फुकट असूनही. डाव संपल्यावर विचारायचा सगळ्यात मोलाचा प्रश्न हाच: काहीच द्यावं लागत नव्हतं, तरी का धरून ठेवलंस? इथे पाठ उत्तर चालत नाही, कारण दोन मिनिटांपूर्वी सुतळी त्याच्याच रिळावर होती.

तिसऱ्या-चौथ्या डावात एखादं हुशार पोर हिशेब मांडतं: आडवाट घ्यायची, सुतळी सोडायची, पुन्हा आडवाट घ्यायची. डाव चालवणाऱ्या सूत्रधाराला वाटतं नियमात भोक पडलं. ते बुजवू नका. खेळ तिथेच थांबवा आणि रोमकरांस 6:1 वाचा, कृपा वाढावी म्हणून पापात राहावं काय? ते पत्र लिहिणाऱ्या पौलाला हा प्रश्न का विचारावा लागला ते त्या पोराला दहा व्याख्यानांपेक्षा स्वच्छ कळतं, कारण तो प्रश्न आता त्याचाच आहे. शिवाय आडवाटेने जाणाऱ्याची चार 'सोबती' घरं हुकतात. त्या घरावर थांबलेला दुसऱ्या एका खेळाडूशी जोडी करतो. 37व्या घराचा चढ जोडीशिवाय चढता येत नाही. सोबती नसेल तर मागून कोणी येईपर्यंत थांबायचं (गलतीकरांस 6:2). विजेता ठरवत नाही. सगळे 40 ला पोचले की डाव संपला.

कार्डांवर सगळ्यात जास्त मेहनत घ्या. दहा घरांवर कार्ड उचलायचं असतं, संचात चोवीस पुरतात. नमुना नाथान संदेष्ट्याचा, 2 शमुवेल 12. दावीद राजाने दुसऱ्याची बायको घेऊन तिच्या नवऱ्याला मारवलेलं असतं. नाथान दावीदासमोर व्यभिचार किंवा खून हे शब्द काढत नाही. एकेकाळच्या मेंढपाळाला तो मेंढीची गोष्ट सांगतो. दावीद संतापून निकाल देतो, आणि मग येतं, "तो मनुष्य तूच." म्हणून कार्डावर पापाचं नाव लिहायचं नाही, आणि गोष्ट ऐकणाऱ्याच्या रोजच्या व्यवहारातली हवी. मेंढ्या नागपूरच्या मुलाच्या हाताखालच्या नाहीत. संत्री आहेत, आणि ती जिथे विकली जातात तो कळमन्याचा बाजार. एक कार्ड जसंच्या तसं:

"पेटीचा वरचा थर चकाकतोय. तळाच्या गवतात एका संत्र्याला हिरवी बुरशी लागली आहे, शेजारचं ओलं होऊ लागलंय. गिऱ्हाईक वरचाच थर बघतं. पेटी आत्ता उलटायची, की कळमन्याला पोचल्यावर?"

आणि दुसरं:

"कुलरच्या हवेला वास येतोय. वाळ्याच्या नव्या ताट्या बसवल्या, दोन दिवस घर सुगंधी झालं. टाकीतलं पाणी तेच आहे. पाहुणे उद्या येणार."

एप्रिलमध्ये हे दुसरं कार्ड वाचलं की आधी हशा होतो, कारण प्रत्येकाच्या घरी हे झालेलं असतं. मग कोणीतरी हळूच विचारतं, पाणी म्हणजे काय? सूत्रधाराने इथे गप्प बसायचं. मनातल्या मनात वीस मोजा. अर्थ सांगून टाकण्याची घाई हा या खेळातला सगळ्यात मोठा दोष आहे, आणि तो मोठ्यांचाच असतो.

कार्ड फसतं ते बहुधा तीन कारणांनी. चाळीस शब्दांपेक्षा लांबलं की ऐकणाऱ्याचा धागा सुटतो. पात्राला 'लोभाजीराव' असं नाव दिलं की मुलं हसतात आणि दुसऱ्याकडे बोट दाखवतात. आणि संचातली अर्धी कार्डं मोबाइल नि मुलं-मुली याच विषयांवर असली, तर मोठे लोक आपल्यावर नजर ठेवायला बसलेत हे मुलं पहिल्या डावातच ओळखतात. वजनात मारलेला काटा, बहिणीचं चोरून वाचलेलं पत्र, प्रार्थनेत मुद्दाम चढवलेला आवाज, हेही असू द्या.

बोलण्याचा नियम एकच, पण कडक: वाक्य 'मी'ने सुरू करायचं, नाहीतर 'मौन' म्हणून कवड्या पुढे द्यायच्या. मौनाचं कारण विचारायचं नाही. शेवटी कागदाची चिठ्ठी मिळते. लिहायची, कोणाला दाखवायची नाही, स्वतः फाडून पाण्याच्या भांड्यात टाकायची. जाळू नये. आगीचा तमाशा होतो आणि बंद खोलीत धूर कोंडतो. निळी शाईच वापरा, पाण्यात विरघळून अक्षर जातं. बॉलपेनचं अक्षर तुकड्यांवर तसंच राहतं.

एक गोष्ट पहिल्या डावाच्या आधी सूत्रधारांनी आपसात ठरवून ठेवावी. एखादं मूल बोलताना त्याच्यावर कोणी हात टाकल्याचा इशारा करू शकतं, आणि ते त्याला आपलं पाप समजत असतं. ते त्याचं पाप नाही, हे त्याला त्याच क्षणी सांगा. डाव बंद करा, गुप्ततेचं वचन देऊ नका. लैंगिक अत्याचाराची माहिती पोलिसांना देणं पोक्सो कायद्याने बंधनकारक आहे, आणि 1098 ही बालकांची हेल्पलाइन आहे. तसंच क्षमा मागूनही तेच तेच कबूल करत राहणारं, रात्री झोप न येणारं मूल असेल तर त्याला हा खेळ देऊ नये. त्याला पट नको, पाळकांचा निवांत वेळ हवा, आणि गरज पडल्यास डॉक्टरांचाही.

अजून न सुटलेली अडचण एकच. काही मुलं एकही आडवाट घेत नाहीत. रिळावर सुतळी नाही, 40 ला सगळ्यात आधी पोचतात, आणि मागे राहिलेल्यांकडे बघण्याची त्यांची एक नजर असते. स्वतःच्या धार्मिकतेचा गर्व करणारा परुशी आणि दया मागणारा जकातदार यांचा दाखला (लूक 18) त्यांना तोंडपाठ आहे, म्हणून तो वाचून उपयोग होत नाही. 39व्या घरासाठी यावर कार्डाचे चार मसुदे झाले. पहिले तीन उघड उपदेश होते. सध्या हे चालू आहे:

"दोन माठ. एकाला बाहेरून तैलरंग दिलाय, वर वेलबुट्टी. दुसरा साधा, सदा ओला, खालची फरशी भिजवतो. दोघांत पाणी एकाच नळाचं. दुपारी दोनला तहान लागलीय. कोणत्या माठाला हात लावशील, आणि का?"

मातीच्या छिद्रांतून पाणी पाझरून त्याची वाफ होते तेव्हाच माठ गार होतो, हे नागपूरच्या मुलाला सांगावं लागत नाही. पण हे कार्ड त्या नजरेपर्यंत पोचतं की नाही ते दोन डावांत ठरलेलं नाही. दोन्ही वेळा सर्वांत आधी पोचलेल्या खेळाडूने 'मौन' म्हटलं आणि कवड्या पुढे दिल्या.