‘ऑर्थोपेडिक’ या एका शब्दावर मी गादी घेतली

मी कुशीवर झोपते. पाठीवर झोपलं की छातीत जळजळ वर येते, पालथं झोपलं की मान धरते. त्यामुळे वर्षानुवर्षं डावी नाहीतर उजवी कूस, तिसरा पर्याय नाही. गेल्या वर्षी उजव्या खुब्याच्या बाहेरच्या बाजूला दुखायला लागलं. दिवसा जिना चढताना ठणकायचं, तेवढं सोसता येत होतं. रात्री मात्र त्या कुशीवर वळले की तासाभरात जाग यायची. मग रात्रभर डावीकडे झोपायचं, आणि दोनेक महिन्यांत डावा खांदाही दुखायला लागला. पहाटे तीनला उठून खुर्चीत बसायची वेळ आली की माणूस कुणाचंही ऐकतो. मी तशाच अवस्थेत गादी घ्यायला गेले होते, आणि फसवणुकीची सुरुवात तिथेच झाली. कंपनीचं नाव लिहीत नाही. मला जे सांगायचं आहे ते कुठल्याही दुकानात उपयोगी पडेल.

विक्रेता फार आपुलकीने बोलला. “ताई, दुखतं कुठे, आधी ते सांगा,” इथून सुरुवात. खुबा, खांदा, झोपेची मोड, सगळं त्याने ऐकून घेतलं. माझ्या घरातही इतक्या निवांतपणे कुणी विचारलं नव्हतं, म्हणून माझा विश्वास बसला. मग त्याने एका चादरीवर मला झोपवलं. चादरीत दाब मोजणारे सेन्सर होते आणि समोर पडद्यावर माझ्या शरीराची रंगीत आकृती. साध्या कडक बाकावर खांद्याशी आणि कुल्ल्याशी लाल डाग दिसले. त्यांच्या गादीवर तेच डाग निळे-हिरवे झाले. “बघा, दाब गेला.”

ते यंत्र खोटं नव्हतं. दाब असा खरोखर मोजता येतो. पण दोन्ही वेळा त्याने मला उताणं झोपवलं होतं, आणि तेही दोन-दोन मिनिटं. उताणं झोपल्यावर भार सगळ्या पाठीवर पसरतो. कुशीवर तोच भार खांदा, खुब्याचा उंचवटा, गुडघ्याची बाजू आणि घोटा एवढ्याच जागेवर येतो. मी झोपते एका स्थितीत आणि चाचणी झाली दुसऱ्याच स्थितीत, हे माझ्या लक्षातच आलं नाही. शिवाय शोरूममधल्या गादीवर रोज माणसं लोळत असतात, ती आधीच सैल झालेली असते. घरी येणारी कोरी गादी तशी नसते.

नंतर त्याने टेबलावरचा कापलेला नमुना दाखवला. वर ५ सेंटीमीटर मेमरी फोम, म्हणजे दाबला की हळूहळू वर येणारा; त्याखाली ५ सेंटीमीटर लॅटेक्स, म्हणजे रबराचा लवचीक थर; तळाला १० सेंटीमीटर एचआर फोम, म्हणजे दाबला की लगेच उसळून भार पेलणारा. मेमरी फोम बोटाने दाबून दाखवला. “हा फोम नासाचा आहे, ताई.” यात खरं एवढंच की १९६६ मध्ये चार्ल्स योस्ट यांनी नासासाठी विमानाच्या आसनांकरता असा फोम तयार केला होता, धक्का शोषला जावा आणि बसणं सुसह्य व्हावं म्हणून. त्यानंतर तो जगभर बनायला लागला. आपल्या गादीत तो किती जाडीचा आणि किती घनतेचा आहे, हे नासाच्या नावावरून कळत नाही. पण ते नाव ऐकल्यावर मी पुढचा प्रश्न विचारलाच नाही.

आणि शेवटी तो शब्द: ऑर्थोपेडिक. “डॉक्टर कडकच गादी सांगतात. पाठीला आधार हवा, मऊ गादीने हाडं बिघडतात.” गादीवर हा शब्द छापायला कुठली वैद्यकीय कसोटी पार करावी लागत असेल, अशी माझी समजूत होती. तसं काही नसतं. बनवणारा त्याला वाटेल त्या गादीवर तो शब्द छापतो. मी पैसे भरले. बिलावर मॉडेलचं नाव, माप आणि ‘ऑर्थोपेडिक’ एवढंच होतं. थर, जाडी, घनता, काहीही नाही. विचारलं तर म्हणाला, “मॉडेलच्या नावातच सगळं येतं.”

गादी ६ दिवसांनी आली. दोन माणसांनी धापा टाकत आत आणली आणि त्यातला एक कौतुकाने म्हणाला, “माल बघा किती जड आहे!” मलाही बरं वाटलं. पहिल्या रात्री उजव्या कुशीवर वळले आणि फळीवर झोपल्यासारखं झालं. वरचा दोन बोटांचा थर दबला की खाली काहीच हलत नव्हतं. खांदा आत जायला जागा नाही, त्यामुळे तो छातीकडे दुमडायचा आणि सकाळी बोटांना मुंग्या. कंबरेखाली मात्र पोकळी. हात सरळ आरपार जायचा.

फोन केला. उत्तर मिळालं, “शरीराला सवय लागायला ३० दिवस जातात. अजिबात घाई करू नका.” हे अर्धं खरं आहे, म्हणूनच ते पटतं. नव्या गादीची सवय व्हायला दोन-तीन आठवडे लागू शकतात. पण सवय लागताना दुखणं हळूहळू कमी व्हायला हवं. माझं रोज वाढत होतं. दहाव्या दिवशी पुन्हा फोन केला, तर त्यांनी वरून टाकायचा टॉपर विकला. तोही मी घेतला. दुखणारा माणूस असाच एकावर एक पैसे घालत जातो. तो टॉपर इतका पातळ आणि भुसभुशीत होता की खुब्याखाली चपटा होऊन बसला.

पूर्ण ३० रात्री काढून मी परत करायला फोन केला तेव्हा कळलं की ट्रायलची, म्हणजे गादी घरी वापरून बघायची, मुदत संपली. ती मुदतही ३० दिवसांचीच होती, आणि मोजायची बिलाच्या तारखेपासून. गादी घरी येण्यात गेलेले ६ दिवस त्यातच धरलेले. म्हणजे त्यांचा सल्ला ऐकून जो ३० रात्री वाट पाहील, तो मुदतीबाहेर जाणारच. शिवाय ट्रायलच्या कागदावर ‘परतावा’ हा शब्दच नव्हता, ‘अदलाबदल’ होता, आणि तीही जास्त किमतीच्या गादीशीच. हे सगळं बारीक अक्षरात छापलेलं होतं, आणि माझी सही खाली होती.

१० वर्षांची हमी मात्र होती. त्याप्रमाणे तपासायला माणूस आला. त्याने गादीवर आडवी दोरी ताणली आणि मोजपट्टीने खळगा मोजला. खळगा २.५ सेंटीमीटरपेक्षा खोल असेल तरच दोष मानायचा असा नियम. मोजताना गादीवर कुणी झोपलेलं नसतं. म्हणजे तुमच्या भाराखाली गादी कितीही वाईट वागो, उठल्यावर ती सपाट झाली की हमीच्या हिशोबात ती निर्दोष! ‘आराम न वाटणे’ हे कारण तर हमीतून सरळ वगळलेलं होतं. गाद्यांच्या हमीत अशी अट सर्रास असते. हमी किती वर्षांची यावर भुलून घेणाऱ्यांनी ती खळग्याची ओळ आधी शोधावी.

मग मी फिजिओथेरपिस्टकडे गेले. खरं तर हे आधी करायला हवं होतं. त्यांनी माझ्या खुब्यावर बोट ठेवून दाखवलं की तिथे हाडाच्या उंचवट्यावर फारसं मांस नसतं. घर्षण कमी करणारी द्रवाची छोटी पिशवी, बर्सा, तिथे असते आणि कुल्ल्याच्या स्नायूंचे कंडरे तिथेच हाडाला जोडलेले असतात. त्यावर रात्रभर कडक पृष्ठभाग दाबला तर ते चिडणारच. कुशीवर झोपणाऱ्याची गादी खांद्याशी आणि खुब्याशी थोडी खाली जायला हवी आणि कंबरेच्या खळगीत वर येऊन टेकायला हवी. फार मऊ घेतली तर खुबा बुडतो आणि कणा झोळीसारखा वाकतो, म्हणजे तेही नको. “कडक म्हणजे चांगली ही समजूत जुनी आहे,” त्या म्हणाल्या. २००३ मध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये आलेल्या स्पेनमधल्या अभ्यासाबद्दलही त्यांनी सांगितलं: जुनाट कंबरदुखी असलेली ३१३ माणसं, ९० दिवस, आणि मध्यम कडक गादीवरच्या लोकांचं दुखणं कडक गादीवरच्यांपेक्षा जास्त कमी झालेलं. तो अभ्यास कंबरेचा होता, माझ्या खुब्याचा नव्हे. पण ‘डॉक्टर कडकच सांगतात’ हे वाक्य मला विकलं गेलं होतं, त्याचं उत्तर त्यात होतं.

घरी येऊन मी धाकट्या भावाला बोलावलं. गादीच्या खोळीला चेन नव्हती, चारही बाजूंनी शिवलेली. शिवण उसवली तर हमी रद्द, असं लिहिलेलं. तो म्हणाला, “ताई, उसवण्याआधी वजन बघू.” डिलिव्हरीच्या कागदावर वजन छापलेलं होतं, ५० किलो. हा हिशोब मी सविस्तर देते, कारण गादी न फाडता करता येण्यासारखी हीच एक तपासणी आहे. लांबी १.९ मीटर, रुंदी १.५, जाडी ०.२, गुणाकार ०.५७ घनमीटर. नमुन्यातले थर धरले तर घनमीटरला ५० किलो घनतेचा मेमरी फोम साधारण ७ किलो, ७५ घनतेचं लॅटेक्स ११ किलो, ४० घनतेचा एचआर फोम ११-१२ किलो. खोळ धरून फार तर ३२ किलो भरायला हवी. वरची १८ किलो आली कुठून?

आम्ही एक कोपरा उसवला. वर जेमतेम २ सेंटीमीटर मेमरी फोम. त्याखाली तळापर्यंत रंगीबेरंगी तुकड्यांची एकच लादी: हिरवा, गुलाबी, पिवळा. हा रिबॉन्डेड फोम, म्हणजे कारखान्यातल्या कातरणाचे तुकडे गोंदाने चिकटवून दाबलेले. लॅटेक्सचा पत्ता नव्हता. रिबॉन्डेड फोम वाईटच असं मी म्हणत नाही. तो टिकाऊ असतो, पाठीवर झोपणाऱ्या काही जणांना चालतो, आणि स्वस्त असतो. तो सांगून विकला असता तर माझी तक्रार नव्हती. ज्या खुब्यासाठी मी गादी घ्यायला गेले होते, त्याखाली नेमकी ही लादी घातली गेली, याचा मला अजून राग येतो.

उसवलेल्या कोपऱ्याचे फोटो, वजनाचा कागद आणि नमुन्याचा फोटो जोडून लेखी तक्रार केली. नमुन्याचा फोटो होता कारण भावजयीला दाखवायला मी तो दुकानातच काढला होता. तेवढा एक पुरावा नसता तर माझ्या हातात काहीच नव्हतं. फोनवर उडवून लावणारी माणसं लेखी तक्रारीनंतर नरमली. बऱ्याच पत्रांनंतर गादी परत नेली, वाहतूक आणि ‘वापर’ असं सांगून रक्कम कापली, उरलेली दिली. टॉपरचे पैसे आलेच नाहीत.

दुसरी गादी घ्यायला गेले तेव्हा स्वतःची उशी बरोबर नेली. उशी बदलली की सगळं बदलतं. कान आणि खांद्याची कड यांमधलं अंतर तिने भरून काढायला हवं, आणि खांदा जितका गादीत जातो तितकी ती कमी उंचीची लागते. दुखऱ्या कुशीवर २० मिनिटं पडून राहिले, दोन गुडघ्यांमध्ये एक उशी घेऊन. ती घेतली की वरचा पाय पुढे लोंबत नाही आणि खुब्यावर व कंबरेवर ताण येत नाही. भावाने मागून फोटो काढला. मानेपासून माकडहाडापर्यंतची रेघ सरळ आहे का ते त्यात स्पष्ट दिसतं. पहिल्या दुकानात मी थर, जाडी आणि घनता बिलावर लिहून मागितली. “आम्ही असं लिहून देत नाही,” म्हणाले. मी उठले. दुसऱ्या ठिकाणी दुकानाच्या मालकीणबाईंनी स्वतः खोळीची चेन उघडून आतलं दाखवलं: सुट्या कापडी पिशव्यांतल्या पॉकेट स्प्रिंग, वर ७ सेंटीमीटर लॅटेक्स. तेच बिलावर लिहून दिलं, आणि परत केल्यास पैसे परत हेही. घरी आल्यावर मी पुन्हा चेन उघडून मोजलं. जुळलं.

बोटांच्या मुंग्या थांबल्या आहेत. खुबा अजून पूर्ण बरा नाही, व्यायाम चालू आहेत. रात्री एखाद्या वेळीच जाग येते. दुखणं कूस बदलूनही हटत नसेल, बधिरपणा वाढत असेल किंवा ताप, वजन घटणं असं काही बरोबर असेल, तर गादीच्या दुकानात जाऊ नका, आधी डॉक्टरांकडे जा.

आणि तुमची गादी अजून ट्रायलमध्ये असेल, तर तो कागद आजच काढा. दिवस बिलापासून मोजले आहेत की गादी घरी आल्यापासून, आणि पुढे ‘परतावा’ लिहिलं आहे की ‘अदलाबदल’, ते बघा. पटत नसेल तर मुदत संपायच्या आठवडाभर आधी लेखी कळवा. फोनवर नको.