सँटोरिनीची इतिहास-सहल: अक्रोतिरीसाठी जरूर घ्यावी, बोटीसाठी नव्हे

ग्रीसच्या सँटोरिनी बेटावर जाणारे बहुतेक पर्यटक ओइआ गावातला सूर्यास्त आणि पांढरी घरे पाहून परततात. ज्या महास्फोटाने या बेटाचा मधला भाग समुद्रात खचला, त्याची गोष्ट समजून घ्यायची असेल, तर अक्रोतिरी या गाडल्या गेलेल्या प्राचीन शहराचे उत्खनन, बेटाचे मुख्य गाव असलेल्या फिरामधील प्रागैतिहासिक थिरा (सँटोरिनीचे जुने नाव) संग्रहालय आणि बोटीने जाऊन पाहायचा नेआ कामेनी हा ज्वालामुखी अशी तिन्ही ठिकाणे गाईडसोबत दाखवणारी सहल घ्यावी. आम्ही घेतलेल्या सहलीचे तिन्ही भाग मात्र सारख्या दर्जाचे नव्हते.

अक्रोतिरी हा या सहलीचा प्राण आहे. इसवीसनपूर्व सतराव्या-सोळाव्या शतकाच्या सुमारास राखेखाली गाडल्या गेलेल्या या कांस्ययुगीन बंदराचे मोठे उत्खनन ग्रीक पुरातत्त्वज्ञ स्पिरिदोन मारिनातोस यांनी १९६७ साली सुरू केले. २००५ मध्ये छप्पर कोसळून एका पर्यटकाचा मृत्यू झाल्यानंतर ही जागा बंद होती आणि २०१२ मध्ये ती पुन्हा खुली झाली. संपूर्ण उत्खनन छपराखाली असल्यामुळे भर उन्हाळ्यातही निवांतपणे पाहता येते.

आमच्या गाईडबाई पुरातत्त्वशास्त्र शिकलेल्या होत्या आणि नेमके कुठे थांबायचे, हे त्यांना ठाऊक होते. एका घराबाहेर एकावर एक रचून ठेवलेले पलंग दिसतात. मूळ लाकूड केव्हाच कुजून गेले. राखेत राहिलेल्या पोकळीत प्लास्टर ओतून त्यांचे आकार मिळवलेले आहेत. पलंग घराबाहेर का, या प्रश्नाचे त्यांनी दिलेले उत्तर मला फार मोलाचे वाटले: स्फोटाआधी मोठा भूकंप झाला होता, काही लोक परत येऊन ढिगारे उपसत होते, कामाचे सामान बाहेर काढून ठेवत होते आणि तेवढ्यात त्यांना पुन्हा निघून जावे लागले. स्फोटात सापडलेल्या माणसांचे सांगाडे या शहरात मिळालेले नाहीत, हे त्यानंतर कळते आणि त्या पलंगांसमोरून पाय निघत नाही. पश्चिम गृह नावाच्या इमारतीत वरच्या मजल्यावर शौचालय होते आणि त्याचे पाणी भिंतीतल्या मातीच्या नळांतून रस्त्याखालच्या गटारात जात असे, ही व्यवस्थाही त्यांनी जागेवर समजावून सांगितली. गाईडशिवाय यातले फारसे काही उलगडले नसते असे माझे स्पष्ट मत आहे.

संग्रहालय लहान आहे, पण अक्रोतिरीनंतरच पाहावे, कारण तिथल्या उघड्या भिंतींवर काय रंगवलेले होते ते इथे समोर येते. निळ्या माकडांचे भित्तिचित्र आणि १९९९ साली सापडलेली, तळहातावर मावेल एवढी सोन्याची रानबकऱ्याची मूर्ती चुकवू नये. अक्रोतिरीतच सापडलेले प्रसिद्ध वसंतचित्र (वसंत ऋतूचे भित्तिचित्र) मात्र अथेन्सच्या राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयात आहे, तेव्हा ते इथे शोधू नये.

बोटीच्या भागाने निराशा केली. नेआ कामेनी हे बेट १७०७ पासूनच्या उद्रेकांतून घडत गेले आणि तिथला शेवटचा उद्रेक १९५० साली झाला. काळ्या लाव्ह्यातून वर चढताना गंधकाचा वास येतो आणि काही फटींतून वाफ निघताना दिसते. इतक्या विलक्षण जागी आम्हाला अक्षरशः पळवत नेले गेले. त्यापेक्षा खटकले ते बोटीवरचे मौन. परतताना कॅल्डेराचे, म्हणजे स्फोटानंतर जमीन खचून झालेल्या प्रचंड खड्ड्याचे, सुमारे ३०० मीटर उंचीचे कडे अगदी जवळून दिसत होते आणि त्यांवर एकामागून एक उद्रेकांचे लाल, काळे, करडे थर स्पष्ट उठून दिसत होते. अक्रोतिरी ज्याखाली गाडले गेले तो फिकट थर सर्वांत वर असतो आणि एकोणिसाव्या शतकात सुएझ कालव्याच्या बांधकामासाठी याच बेटांवरून ती राख खणून नेली गेली. यातले एक अक्षरही बोटीवर कोणी सांगितले नाही, ध्वनिवर्धकावर फक्त संगीत सुरू होते. आयोजकांनी अक्रोतिरीच्या गाईडनाच बोटीवर सोबत पाठवावे आणि त्यासाठी थोडे जास्त पैसे घेतले तरी चालतील, असे मी त्यांना लेखी कळवले आहे.