किंग्ज क्रॉस, लंडन: आईचे गुडघे आणि ६७ एकर

लंडनला बहिणीकडे गेलो होतो तेव्हा आई बरोबर होती, वय ७२, गुडघे दुखतात, त्यामुळे कुठेही निघायचं म्हटलं की तिचा पहिला प्रश्न, तिकडे बसायला जागा आहे का. मोठ्या शहरात टेकायचं म्हणजे बहुतेक वेळा आधी काहीतरी विकत घ्यावं लागतं. किंग्ज क्रॉसला आम्ही सकाळी अकराला गेलो आणि संध्याकाळी निघालो, मधे आई किमान सहा ठिकाणी निवांत बसली आणि त्यातल्या एकाही ठिकाणी कुणी काही घ्या म्हणून आलं नाही, म्हणून मुद्दाम लिहितोय.

स्टेशनच्या मागची ही ६७ एकर जागा म्हणजे पूर्वीचं रेल्वेचं गुड्स यार्ड. कोळसा, धान्य इथेच उतरायचं, शेजारीच गॅसच्या टाक्या होत्या, मग ते सगळं थंडावलं आणि बराच भाग वर्षानुवर्षं पडीक राहिला. आता तिथे ऑफिसं, घरं, शाळा, आर्ट कॉलेज, दुकानं सगळं आलंय, पण साधारण ४० टक्के जागा मोकळी ठेवलीय. मला तर राहून राहून लालबाग-परळ आठवत होतं. आपल्याकडे १९९१ च्या नियमात गिरणीच्या जमिनीचा एक तृतीयांश वाटा मोकळ्या जागांसाठी पालिकेला द्यायचा होता, २००१ मध्ये तो फक्त गिरणीतल्या रिकाम्या जमिनीपुरता केला, आणि हाती काय आलं ते तिथे राहणाऱ्यांना विचारा. खूप वाईट वाटतं.

स्टेशनातून निघून कालव्यावरचा पूल ओलांडला की ग्रॅनरी स्क्वेअर, आईच्या चालीनेही फार लांब नाही. समोरची मोठी विटांची इमारत म्हणजे १८५२ चं धान्याचं कोठार, लिंकनशायरचा गहू इथे साठवायचे आणि कालव्यातल्या बोटी थेट इमारतीखाली शिरायच्या. आता आत सेंट्रल सेंट मार्टिन्स कॉलेज आहे. जिथे बोटी लागायच्या तिथे फरशीतून उडणारी १०८० कारंजी केलीत, कठडा नाही, तिकीट नाही. भाचा पाच वर्षांचा, आधी लांबूनच बघत होता, मग एक फवारा खाली बसला तसा जाऊन त्या भोकावर तळहात ठेवून उभा राहिला आणि पाणी आल्यावर असा किंचाळला की आई बाकावरून उठून बघायला आली. पुढचा दीड तास तो तिथून हलला नाही. दुपारी फरशी तापते हे मात्र खरं, झाडं एका बाजूला आहेत, सावलीतला बाक आधीच पकडा.

माझी सगळ्यात आवडती जागा गॅसहोल्डर पार्क. जुन्या गॅसच्या टाकीचा गोल लोखंडी सांगाडा खोलून दुरुस्तीला यॉर्कशायरला नेला, परत आणून इथे कालव्याकाठी उभा केला आणि आत नुसतं गोल हिरवळीचं मैदान ठेवलंय, २०१५ पासून. हिरवळीभोवती चकचकीत स्टीलचे खांब आहेत, त्यात आकाश आणि गवत दोन्ही दिसतं. शेजारच्या तीन सांगाड्यांमध्ये फ्लॅट बांधलेत, ते आपल्यासारख्यांच्या आवाक्याबाहेरचे, पण ही हिरवळ सगळ्यांची. आई चप्पल काढून गवतावर पाय पसरून बसली, म्हणाली, आता मला अर्धा तास उठवू नका.

तिथूनच एक छोटा पूल कालव्यापलीकडे कॅम्ली स्ट्रीट नॅचरल पार्कला जातो, तो चुकवू नका. दोनच एकर, तोही पूर्वी कोळशाचा डेपो. रिडेव्हलपमेंटच्या कितीतरी आधी, १९८५ ला, लोकांनी भांडून तो निसर्गासाठी मिळवला. तळं, बोरू, पाणकोंबड्या, आणि एकदम शांत.

जुन्या कोळशाच्या शेडमध्ये आता दुकानं झालीत, त्या कोल ड्रॉप्स यार्डची छपरं बघण्यासारखी आहेत, दोन लांब शेड मधोमध वाकून एकमेकींना टेकतात, दुकानं महाग, आम्ही वीस मिनिटांत बाहेर.

एक गोष्ट मात्र मनाला लागली. हे चौक आणि बागा सार्वजनिक वाटल्या तरी मालकी खाजगी आहे, आणि २०१९ मध्ये उघड झालं की इथल्या काही कॅमेऱ्यांत चेहरे ओळखणारं तंत्रज्ञान वापरलं जात होतं, लोकांना पत्ताच नव्हता. गदारोळ झाल्यावर ते परत आणायचा विचार नाही असं मालकांनी सांगितलं. पण कारंज्यात खेळणाऱ्या पोरांचे चेहरे कुणी का नोंदवावेत? पालिकेच्या बागेत निदान जाब विचारायला नगरसेवक तरी असतो.

मी पाचपैकी चार देतो, एक त्या कॅमेऱ्यांसाठी कापला. लहान मूल असेल तर टॉवेल आणि कपड्यांचा एक जास्तीचा जोड नक्की न्या, आणि संध्याकाळी चौकातून कालव्याकडे उतरणाऱ्या रुंद पायऱ्यांवर बसा, खालून बोटी हळूहळू जात असतात. आईने दोन बोटवाल्यांना हात केला, दोघांनीही केला.