अतिदक्षता विभागातल्या भेटी : कोर्स आणि त्यानंतरचे आठ महिने

दवाखान्यात पेशंटजवळ बसून त्यांना मनाचा आणि श्रद्धेचा आधार कसा द्यायचा, हे शिकवणारा कोर्स संपून आठ महिने झाले. दर मंगळवारी आणि शुक्रवारी कोल्हापुरातल्या एका दवाखान्यात जाते. ‘कसा आहे कोर्स, आम्ही करू का?’ असं चार-पाच जणांनी विचारलं, म्हणून एकदाच सविस्तर लिहिते. संस्थेचं नाव लिहीत नाही, पेशंटची गावं-नाती बदलली आहेत.

हे काम करणाऱ्याला इंग्रजीत चॅप्लन म्हणतात, मराठीत धड शब्द नाही. आमच्या चर्चमध्ये ‘पाळक’ म्हणून चालून जातं, पण मी पाळक नाही, निवृत्त शिक्षिका आहे. वॉर्डातल्या मावशी मला ‘बोलायच्या बाई’ म्हणतात. गंमत अशी की कोर्समध्ये सगळा भर न बोलण्यावर होता.

ही पद्धत अमेरिकेतली. अँटन बॉइसन नावाचे पाळक 1920 मध्ये स्वतःच मनोरुग्णालयात दाखल झाले होते. बरे झाल्यावर त्यांनी 1925 मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या वूस्टरच्या सरकारी मनोरुग्णालयात धर्मशास्त्राच्या विद्यार्थ्यांना पेशंटजवळ नेऊन बसवलं. ग्रंथ वाचता तशी ही जिवंत माणसंही वाचा, असं त्यांचं म्हणणं. तिकडे या प्रशिक्षणाचं एक युनिट, म्हणजे एक टप्पा, किमान 400 तासांचं असतं. आमचं त्याचं धाकटं भावंड : चार महिने, शनिवारी वर्ग, मधल्या वारी वॉर्ड.

पैसे वसूल झाले ते एकाच गोष्टीत, व्हर्बॅटिममध्ये. भेट झाली की त्याच संध्याकाळी आठवेल तसा संवाद शब्दन् शब्द उतरवायचा. मध्ये कोण गप्प बसलं, आपल्या पोटात काय झालं, तेही लिहायचं. पेशंटसमोर वही काढायची नाही. मग शनिवारी ते सगळ्यांसमोर वाचायचं. माझ्या पहिल्या वहीतला तुकडा देते. पेशंट कागल भागातले शेतकरी, फुप्फुसाचं दुखणं, तोंडावर ऑक्सिजनचा मास्क.

मी : देवावर भरवसा ठेवा आण्णा, होईल सगळं नीट.
आण्णा : तोड आली का इचारा की पोराला.
मी : तुम्ही आता आराम करा बघू.
आण्णा : तुरा आलाय उसाला.
मी : प्रार्थना करू का?
आण्णा : करा.

वाचून झाल्यावर मार्गदर्शकांनी एवढंच विचारलं, “ते ‘करा’ कुणासाठी म्हणाले?” कान तापले माझे. माझं मन राखायला म्हणाले होते, दुसरं काय! वर्गात शिरोळकडचा एक जण होता. तो म्हणाला, “बाई, तुरा आला की उसाचं वजन घटतं. तो माणूस तिथं पडून पैसे वाळताना बघतोय.” मी जन्मापासून कोल्हापुरात, तरी हे मला दुसऱ्यानं सांगावं लागलं.

पुढच्या शुक्रवारी स्टूल ओढून विचारलं, “किती एकर आहे आण्णा?” मास्कच्या आडून, दम खात खात बोलले. सोसायटीचं कर्ज, लेकीचं लग्न, आणि बांधावरून अबोला धरलेला भाऊ. साखर कारखान्याचा चिटबॉय, म्हणजे ऊसतोडीच्या चिठ्ठ्या देणारा, त्या भावाच्या ओळखीतला, म्हणून आपल्या उसाची तोड मागं ठेवतात असा यांचा पक्का संशय. “भावाला निरोप धाडू का?” मी विचारलं. बराच वेळ छताकडं बघत राहिले. मग म्हणाले, “नगं.” मी गप्प बसले. तशी बसायला मात्र कोर्समध्येच शिकले, एरवी दोन्ही भावांना समेटावर व्याख्यान दिलं असतं.

लंडनला 1967 मध्ये सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस काढणाऱ्या सिसिली साँडर्स यांचा ‘टोटल पेन’ हा विचार कोर्समध्ये शिकवला होता. शरीराचं, मनाचं, घरादाराचं आणि श्रद्धेचं दुखणं एकातच गुंतलेलं असतं, असं त्या सांगत. वर्गात पाठ केला होता, कळला त्या स्टुलावर.

आता तक्रारी. छापील नोट्स भयंकर आहेत. ‘रुग्णाच्या आध्यात्मिक संसाधनांचे मूल्यमापन करा’ असं घेऊन गेलात तर पेशंट तुम्हाला इन्शुरन्सवाले समजेल. मी सरळ विचारते, “कुठल्या देवाचं करता?” जोतिबापासून पिराच्या उरुसापर्यंत सगळं निघतं.

दुसरं, माझ्यासारख्या ख्रिस्ती बाईला बाहेरच्या बाकावर हमखास ऐकावं लागतं : “मिशनवाल्या का? धर्म बदलायला आलाय?” त्यावर नोट्समध्ये एक ओळ, ‘सर्व धर्मांचा आदर ठेवा’. बरं, ठेवते, पण उत्तर काय देऊ? आता आधीच सांगते की प्रार्थना लादायला आलेली नाही, तुमचे महाराज नाहीतर मौलाना हवे असतील तर फोन लावून देते. एका घरच्यांना अंबाबाईचं तीर्थ पेशंटच्या तोंडात घालायचं होतं. घशात नळी, एक थेंब फुप्फुसात गेला तरी महागात पडलं असतं. सिस्टरना विचारून बोट ओलं करून कपाळाला लावलं, अंगारा बंद पिशवीत उशाशी. पाच मिनिटांचं काम. ते कोर्समध्ये कुणी सांगितलं नव्हतं, सिस्टरनी शिकवलं.

सगळ्यात मोठी तक्रार : मी भेटत होते त्यातले पहिले पेशंट गेले त्या संध्याकाळी मार्गदर्शकांना फोन केला. “शनिवारी ग्रुपमध्ये घेऊ,” म्हणाले. तो शनिवारचा वर्गच रद्द झाला. मी रंकाळ्यावर जाऊन बसले, भेळ घेतली आणि तशीच धरून ठेवली. प्रवेश घेण्याआधी हे विचारून घ्या : रात्री आठला फोन केला तर कोण उचलणार?

बारीकसारीक : कोल्हापुरी चपला घालून जाऊ नका. माझ्या पहिल्या दिवशी करकर वाजल्या आणि पूर्ण विभागानं मान वळवली, आता रबरी सपाता. सर्दी असेल तर घरी बसा. व्हेंटिलेटरवरच्या, गुंगीतल्या पेशंटलाही आपलं नाव सांगून, नेहमीच्या आवाजात बोला, कारण ऐकू येत असू शकतं. कॉटवर बसू नका.

ज्यांना पुण्य मिळवायचंय किंवा सल्ले द्यायची हौस आहे त्यांनी फी वाचवावी. बाकीच्यांनी जरूर करावा, नोट्स रद्दीत घालून.

आण्णा पुढं जनरल वॉर्डात आले आणि नंतर घरी गेले. डिस्चार्जच्या दिवशी बिलाच्या गडबडीत पोरगा भेटला, पाया पडला. त्याला तोड आली का, ते विचारायचं माझ्याकडून राहूनच गेलं.