युद्ध संपल्यावर पैसे मागायचे कसे? १९१९ ची दोन अमेरिकी पोस्टर्स

११ नोव्हेंबर १९१८ ला पहिल्या महायुद्धातली लढाई थांबली, पण खर्च थांबला नव्हता. सैनिकांना घरी आणायचं होतं, जखमींवर उपचार चालू होते. म्हणून १९१९ च्या वसंतात अमेरिकी सरकारने ४५० कोटी डॉलर्सचं ‘व्हिक्टरी लिबर्टी लोन’ काढलं, म्हणजे रोखे विकून लोकांकडून कर्ज घ्यायचं ठरवलं. व्याज पावणेपाच टक्के. हे रोखे घ्या असं सांगणाऱ्या पोस्टर्सना शत्रूची भीती दाखवायची सोय आता उरली नव्हती, आणि खरी परीक्षा तिथेच होती.

चित्रकार हॉवर्ड चँडलर ख्रिस्टीच्या पोस्टरवर झेंड्यापुढे एक सुंदर तरुणी विजयमाला धरून उभी आहे आणि बाजूला आडनावांची यादी: ओब्रायन, लेव्ही, कोवाल्स्की, गोन्झालेस... मथळा, ‘आपण सगळे अमेरिकन’. तरुणी नेहमीचीच, शोभेची. यादी मात्र थेट काळजाला हात घालते. कालपर्यंत ‘परके’ म्हणून हिणवली जाणारी आडनावं सरकार स्वतः सन्मानाने छापतंय!

दुसरा चित्रकार गेरिट बेनेकर. त्याच्या पोस्टरवर फक्त एक कामगार. अंगात ओव्हरऑल, छातीवर रोखे घेतल्याचे बिल्ले, चेहऱ्यावर हसू आणि एक हात खिशात. ‘नक्कीच! हाती घेतलेलं काम तडीस नेऊ,’ असं तो म्हणतो.

मला बेनेकरचं जास्त पटतं. ख्रिस्टी अभिमान जागवतो, पण पैसे द्यायला खिशात हात घालावा लागतो आणि बेनेकरने नेमका तोच क्षण पकडलाय. शिवाय त्या बिल्ल्यांमुळे कळतं, की या माणसाने आधीही दिलेत. त्याच्याकडे पुन्हा मागताना सरकार त्याला कमी लेखत नाही, सोबती मानतं.